मेलबर्नच्या घरासाठी लातूरचं घर

लातुरात क्लासेसच्या भागात घर विकायला काढलं की गिऱ्हाईक आधी टेप बाहेर काढतं. आमच्याकडे आलेला पहिला माणूस डाळमिलवाला होता, आमच्याच वयाचा. गल्लीत सगळे त्याला अप्पा म्हणत. पाणी नको म्हणाला, सरळ पुढच्या खोलीत गेला आणि टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"वहिनी, भिंतीला धरा. इथं चार कॉट बसत्यात का?"

"तीन. चौथी लावली तर दार उघडत नाही."

"मग दार बाहेरच्या बाजूला उघडायचं करू की. त्यात काय हाय?"

भिंतींकडे त्यानं पाहिलंच नाही. वरांड्यात बसलेल्या माझ्या नवऱ्याचं सगळं आयुष्य त्या भिंतींमागच्या कॉलमांत गेलं होतं.

भूकंप झाला तेव्हा आम्ही लातुरात भाड्यानं राहत होतो. सासूबाई किल्लारीकडच्या गावी होत्या. घर दगडमातीचं, वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर पसरलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा राहायचा. हे सकाळी मिळेल त्या जीपनं गेले आणि हातांनी माती उपसत राहिले. परत आल्यावर एकच वाक्य बोलले, "माती इतकी जड असते हे मला माहीत नव्हतं." सासूबाईंबद्दल त्यानंतर घरात बोलणं झालं नाही.

पुढे वर्षभर आम्ही अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये झोपलो. मग कर्ज काढून घर बांधलं. इंजिनियर सांगेल त्याहून जाड सळई, सांगेल त्याहून खोल पाया. "साहेब, इथं किल्ला बांधायलात का?" असं गवंडी विचारायचा. मी हिशेबाची बाई. मला तो खर्च डोळ्यांत खुपायचा. पण त्या माणसाला छताखाली झोप लागायला हवी होती, म्हणून मी पैसे मोजत गेले.

नंतर क्लासेस आले. आधी देवणीच्या दोन मुली राहायला आल्या, मग बिलोलीच्या, मग कुठल्या कुठल्या. मी एकेक खोली रिकामी करत गेले. लोखंडी कॉट वेल्डरकडून करून घेतल्या, सगळ्या एका मापाच्या. डबा, गरम पाणी, दार बंद करायची वेळ, सगळं ठरवून दिलं. आमची स्वतःची मुलगी बारावीला होती. तिच्या खोलीत तीन कॉट बसत होत्या, म्हणून ती स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी झोपायची. ती काही म्हणाली नाही. त्याच भाड्यातून तिचं इंजिनियरिंग झालं आणि त्याच भाड्यातून ती ऑस्ट्रेलियाला गेली.

गल्लीतल्या घरांचे भाव ऐकून हसू यायचं. भाडं आणि किंमत यांचा एकमेकांशी संबंध उरला नव्हता. कुणालाही विचारा, उत्तर एकच: "पोरं येतच राहणार." मग लॉकडाऊनमध्ये पोरं एका आठवड्यात निघून गेली. आमच्या कॉट गच्चीवर एकावर एक रचून ठेवल्या, त्यांना गंज चढला. भाव मात्र कुणी खाली आणला नाही. फक्त गिऱ्हाईक येईनासं झालं. ज्याला विकायची निकड नाही तो सांगतो त्याला भाव म्हणतात, हे मी तेव्हा शिकले.

पोरं परत आली, सगळं पूर्ववत झालं, आणि मुलीचा फोन आला.

"आई, याही मालकानं घर विकायला काढलंय. तिसऱ्यांदा सामान बांधायचं. शनिवारी एजंट लोकांना घेऊन येतो, लोक आमची कपाटं उघडून बघतात. मुलाची शाळा परत बदलणार."

तिला मेलबर्नमध्ये स्वतःचं घर घ्यायचं होतं. बँकेचं कर्ज मिळत होतं, पण सुरुवातीला भरायची रक्कम तिच्या आणि जावयाच्या पगारातून जन्मात साठणार नव्हती. ती आमचं घर विकूनच मिळाली असती.

मी लगेच हो म्हणाले नाही. खरं कारण तिला सांगितलं नाही. मला ती परत यायला हवी होती. वरच्या मजल्याचा जिना मी बाहेरून काढला होता तो तिच्यासाठी. वर ती, खाली आम्ही. घर विकलं की तिला परत यायला जागाच उरणार नव्हती. मी हिशेबाच्या आड लपले.

"तू घेशील ते घर भाड्यानं दिलं तर हप्ता निघेल का?"

"नाही गं. निम्म्याच्या थोडं वर निघेल."

"मग ते महाग आहे. भाड्यातून हप्ता निघत नसेल तर घर महाग, हे मी तुला लातुरात बसून सांगते."

"इथे कुणाचाच निघत नाही, आई. ज्यांची जास्तीची घरं आहेत त्यांना तोटा झाला की टॅक्स कमी बसतो."

"तोटा व्हावा म्हणून घर घ्यायचं?"

"भाव वाढतो ना. इतकी वर्षं वाढतच आलाय."

"का वाढतो?"

"बाहेरून माणसं येतच राहतात."

मला आमची गल्लीच बोलल्यासारखी वाटली. म्हटलं, एक वर्ष माणसं आली नाहीत तर काय होतं ते मी गच्चीवर पाहिलंय. ती म्हणाली, "तुझं बरोबर आहे, आई. पण मी राहू कुठे?"

त्या शनिवारी ती एक घर बघायला गेली आणि तिथूनच तिनं व्हिडिओ कॉल लावला. हळू आवाजात बोलत होती, एजंट शेजारच्या खोलीत होता. ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"भिंत ठोक बघू."

तिनं बोटानं ठोकली. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.

"हे कशाचं आहे?"

"लाकडाची चौकट, वरून बोर्ड. इथे अशीच असतात, बाबा. तुम्हाला नाही आवडणार, माहीत आहे मला."

"वर काय आहे?"

"पत्रा."

ह्यांनी फोन परत माझ्याकडे दिला. मला आतून हायसं वाटलं. माझ्या हिशेबानं जे झालं नाही ते आता ह्यांच्या भीतीनं होईल, असं मी धरून चालले.

जेवताना ते म्हणाले, "विकून टाकू."

"त्या डब्यासाठी? आपले कॉलम विकून?"

"हलकं आहे ते. अंगावर आलं तरी पोरगी बाहेर येईल."

"अहो, तिथे भूकंप होत नाहीत."

"इथं तरी कुठं होत होते?"

घर पडल्यावर अंगावर किती वजन येईल यावर घराची किंमत करणाऱ्या माणसापुढे भाडं आणि हप्ता काय मांडणार?

अप्पानं घर घेतलं. ताबा घ्यायला आला तेव्हा खूश होता. "साहेब, तुमचे कॉलम लई दणकट. इंजिनियर म्हणला, आणखी तीन मजले सहज घेत्यात." डोक्यावर छत कोसळू नये म्हणून ज्या माणसानं ती सळई घातली, त्याच्याच सळईवर आता मजले चढणार होते. त्यानंतर हे त्या गल्लीत गेले नाहीत.

लातुरात त्या भागात संसार असलेल्यांना खोल्या मिळत नाहीत, कॉटचा हिशेब परवडतो मालकांना. म्हणून आम्ही नांदेडला माझ्या भावाच्या जवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मुलीनं घर घेतलं. पूजेला आम्ही मोबाइलवर होतो. काही महिन्यांत तिथले व्याजदर चढले आणि तिचा हप्ता वाढला. त्या वर्षी ती आली नाही, तिकिटं महाग म्हणाली. पुढच्या वर्षी मी विचारलंच नाही. आली तर तिचं अंथरूण कुठे घालायचं हे मला या दोन खोल्यांत अजून सापडलेलं नाही.

परवा सकाळी तिचा फोन आला.

"आई, आपल्या त्या लोखंडी कॉट होत्या ना, त्यांचं माप काय होतं गं?"

"कशाला?"

"मुलाची खोली दोन मुलींना देतोय. शिकायला आल्यात. एक उदगीरकडची आहे."

"आणि तो कुठे झोपणार?"

"हॉलमध्ये. तो काही म्हणत नाही."

हे दाढी करता करता थांबून माझ्याकडे पाहत होते. मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"सहा बाय अडीच," मी म्हणाले. "दोन्हींच्या मध्ये फूटभर जागा सोड. आणि दार उघडतं का ते आधी बघ."