सहाव्या घटकेची डुलकी

चाळीस वर्षं भिक्षुकी केली. अमरावतीपासून अकोल्यापर्यंत किती लग्नं लावली ते देवाला ठाऊक, पण एकही मुहूर्त चुकला नाही. हे मी छाती फुगवून सांगतो आणि सांगणारच. मुलं म्हणतात, बाबा, तेच ते काय ऐकवता? अरे, तुमच्या बापानं दुसरं कमावलं काय!

एक मुहूर्त मात्र चुकता चुकता राहिला. तो कोणी राखला, ते आज सांगतो.

पन्नास सालानंतरची गोष्ट, मी तिशीतला. वैशाखात लग्नांची नुसती झोड उठली होती. दर्यापूरला गोरज मुहूर्त लावला, तिथून रात्रभर बैलगाडी आणि एसटी करत अकोल्याला पहाटेचं लग्न गाठलं, दुसऱ्या दिवशी अकोटाकडे आणखी एक. तीन रात्री पाठ जमिनीला टेकली नाही. घमेंड अशी, की आपल्याला काय होतंय! तोंड तर काही चुकत नव्हतं. झोपेतून उठवलं तरी मंत्र घडाघडा यायचे.

पण बाकीचं शरीर फितूर झालं होतं. सपाट अंगणात मी पायरी समजून पाय उचलायचो आणि खरी पायरी आली की ठेचाळायचो. सरळ चालतोय असं वाटायचं आणि खांदा जाऊन भिंतीला लागायचा. होमात तूप सोडायचं ते एकदा नवरदेवाच्या गुडघ्यावर सोडलं. अकोल्याच्या यजमानांनी दुपारी माडीवर चांगली गादी घालून दिली, तर झोप येईना. डोळे मिटले की गाडीचे हेलकावे सुरू आणि पाय आपले हलतच राहिले. झोपेचंही कसं असतं पाहा, बोलावली की रुसते आणि नको तिथं येऊन मानेवर बसते. आमच्या घरी मी दारात पाऊल टाकलं की बायको नुसती चाल ऐकून सांगायची, "अहो, दोन रात्रींचं जागरण दिसतंय." मला त्याचा राग यायचा. म्हणायचो, पाय काय बोलतात का?

तर चौथं लग्न होतं हिवरखेडकडच्या एका गावात, भाजीपाला पिकवणाऱ्या माळ्याच्या घरी. घरात कर्ता पुरुष नाही. नवरीची आई आणि मोठी बहीण, दोघींनी मिळून वावर सांभाळलेलं. पहाटे पोचलो तर आईनं पाय धुवायला पाणी दिलं आणि तिथंच पदर पसरला.

"महाराज, एवढी घटका चुकू देऊ नका. माह्या मोठीच्या लग्नात भटजी डुलले होते. समद्यांनी पाह्यलं, कोणी बोललं नाही. दोन वर्सांत जावई साप चावून गेला. लोकं अजून तेच बोलतात."

जीव काही घटका पाहून जात नाही, हे मलाही कळत होतं. पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? या लग्नातही असंच काही झालं असतं, तर धाकटीच्या संसारात पुढं जे जे वाईट घडेल ते मुहूर्ताच्या माथी बसलं असतं. मी म्हणालो, "बाई, माझा मुहूर्त आजवर चुकला नाही."

गावात घड्याळ एकच, शाळेतलं, आणि सुट्टीत त्याला किल्ली कोण देणार? म्हणून सूर्य उगवताच मी मांडवात पाण्याचं घंगाळ ठेवलं आणि त्यात घटिकापात्र सोडलं. तांब्याची लहानशी वाटी, बुडाला बारीक भोक. ती भरून बुडाली की एक घटका झाली. मग ती उपसून पुन्हा पाण्यावर सोडायची आणि बाजूला एक सुपारी मांडायची. आठवी सुपारी म्हणजे मुहूर्त. काम एवढंच, की बसून पाहायचं. आणि जागरण झालेल्या माणसाला चालायला लावा, ओझं उचलायला लावा, तो करेल. बसून पाहायला मात्र लावू नका.

पाच सुपाऱ्या मांडल्या. सहाव्यांदा वाटी सोडली. ती हलकेच डुलत होती, तिच्याबरोबर मीही.

कानाखाली फटकन खडा लागला. दचकून डोळे उघडले. आधी वाटलं, कुणा कार्ट्यानं मारला, आणि ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात घंगाळात पाहिलं. वाटी तळाशी.

कधी बुडाली? आत्ता, की मघाशीच? वाजंत्री मारुतीच्या पारावर वऱ्हाडाजवळ वाजत होती, बायका पंगतीच्या तयारीत, कोणाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. सुपारी मांडली असती तर कोणी हूं की चूं केलं नसतं. हातात घेतलीही होती, खोटं कशाला बोलू? पण समोरून ती आई हळदीच्या हातांनी आली आणि सुपाऱ्यांकडे पाहत म्हणाली, "झाल्या का सहा, महाराज?"

"बाई," मी म्हणालो, "मला डुलकी लागली. किती झाल्या ते मला सांगता येत नाही."

"पुन्हा तेच झालं, महाराज?" ती म्हणाली. एवढा कमीपणा मला जन्मात वाटला नव्हता.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या कुडामागून आवाज आला, "सा झाल्या. वाटी बुडून लई वेळ नाही झाला."

मोठी बहीण होती ती. कपाळ मोकळं. मांडवात यायची तिला बंदी, म्हणून कुडामागं उघड्यावर, उन्हात भाकरी थापत होती. मी उठून तिकडं गेलो. जमिनीत तिनं एक काडी रोवली होती आणि तिच्या सावलीच्या टोकाशी कोळशाच्या सहा रेघा ओढल्या होत्या. त्यांची विहीर तीन घरांत सामाईक, पाण्याची पाळी काडीच्या सावलीवर ठरायची आणि मोट हाकून ती पाळी हीच राखायची. मी सुपारी मांडली की कुडाच्या फटीतून पाहून ती रेघ ओढत होती. माझी मान पडली तशी ती चूल सोडून उठली आणि वाटी बुडताना सहावी रेघ ओढली.

"मग तो खडा..." मी विचारलं.

"म्याच मारला. आत कशी येऊ? हाका मारल्या, तुमाले ऐकू नाही आल्या." आणि वर फटकळपणे म्हणाली, "मले भटाचा भरोसा नाही, महाराज."

सावली रेघेपासून बोटभर सरकली होती, बस. चूक भरून निघण्यासारखी होती.

"काडी घे आणि मांडवात चल," मी म्हणालो. "शेवटच्या दोन घटका तू सांगायच्या."

आई धावत आली. "तिले काहून बोलावता? अपशकुन होते, महाराज! वऱ्हाडी काय म्हनतील?"

"म्हणू देत. मुहूर्त हिनं राखला. हिला उठवलंत तर मीही उठतो."

तेव्हाच्या भटानं असं बोलावं, सोपं नव्हतं बरं. अमरावतीत महिनाभर माझी टिंगल झाली, भटाला राखणदारीण लागते म्हणून. लागते! त्यानंतर प्रत्येक लग्नात घरातल्या एका जागत्या बाईला मी समोर बसवत आलो, आणि म्हणून माझे मुहूर्त चुकले नाहीत.

ती मांडवाच्या कडेला, उन्हात काडी रोवून, आधीच्या रेघांच्या अंतरानं पुढच्या दोन खुणा करून बसली. अंतरपाट धरला. सावली दुसऱ्या खुणेला टेकली तशी ती म्हणाली, "आता, महाराज."

"सावधान!" म्हणून मी ओरडलो आणि अक्षता उडाल्या. मी तिच्याही हातात अक्षता दिल्या होत्या. पण तिची मूठ उघडेना. सगळ्यांच्या टाकून झाल्या तरी ती तशीच बसलेली.

मग आई उठली. लेकीजवळ गेली, तिची बोटं एकेक करून सोडवली आणि म्हणाली, "टाक वो माय, टाक. तूच तं जागली तिच्यासाठी."