अळणी बर्फ

दादा बर्फाच्या डोंगरावर चढणार म्हटल्यावर सगळ्या नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली. वय बासष्ट, डावा गुडघा कुरकुरणारा, त्याच्या ऑपरेशनची तारीखसुद्धा ठरलेली. डॉक्टर वैतागून म्हणाले, "जायचंच असेल तर आधी जाऊन या. नंतर डोंगर विसरा."

दादाचा हट्ट एकच: जन्मात एकदा बर्फाच्या माथ्यावर उभं राहायचं. सगळं आयुष्य खाडीकाठच्या मिठागरात गेलं, आता दुसरं पांढरं बघू दे, म्हणायचा. वहिनीने विचारलं, "सोबत कोण?" आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी धाकटी बहीण, माणिकपूरला नोकरी, लग्न केलेलं नाही. म्हणजे मी कायम मोकळी, असा आमच्या घरात एक गोड गैरसमज आहे.

तीन महिने दर रविवारी कामणच्या बाजूचे डोंगर चढलो. दादा पुढे, मी मागे धापा टाकत त्याच्या नावाने शंख करत. आणि गेल्या फेब्रुवारीत खरोखरच हिमाचलात पोचलो.

आमचा गाइड तिथल्याच गावचा, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा. तिसऱ्या दिवशी सकाळी माथा समोर दिसत होता. मध्ये फक्त एक रुंद उतार. त्यावर आदल्या दिवशी गेलेल्या चौघांच्या अर्ध्या बुजलेल्या पायखुणा. मी म्हटलं, चला, तासाभराचं काम! पण गाइडने पाठीवरची सॅक उतरवली, फावडं काढलं आणि उताराच्या कडेला कमरेएवढा खड्डा खणायला घेतला.

खड्ड्याच्या भिंतीत थर स्पष्ट दिसत होते. वर रात्रीच्या वाऱ्याने आणून दाबलेला घट्ट बर्फ, खाली सुटे, जाडसर दाणे. "नीचे चीनी है," गाइड म्हणाला. दादाने मूठभर दाणे उचलले, मूठ आवळली. लाडू काही वळेना. मग मिठागरातल्या सवयीने त्याने चार दाणे सरळ तोंडात टाकले.

"अळनी हाय गो!" तो इतक्या निराशेने म्हणाला, की मी हसून हसून बर्फात बसले. गाइडला अर्थ सांगितल्यावर तोही हसला.

मग त्याने बर्फाचा एक चौकोनी खांब कापला, त्यावर फावडं ठेवलं आणि हाताने थापट्या मारल्या. तिसऱ्या थापटीला वरचा अख्खा थर ताटातून वडी सुटावी तसा अलगद पुढे आला.

दादाचं हसू गेलं. "जुन्या सुट्या मिठावर ओलं मीठ चढवलं ना, की असंच होतं," तो म्हणाला. "वरचं सगळं एकदम खाली. राशीवरचा मानूस पन खाली."

गाइड म्हणाला, परत जाऊ. माझं डोकं फिरलं. "काल चार जण गेले की! त्यांना काय झालं?" तो शांतपणे म्हणाला, काल वरचा थर एवढा जाड नव्हता, रात्री वाऱ्याने भर घातली. मी दादाकडे बघितलं. मला वाटलं, हा भांडेल. आयुष्यभर ज्याने मुकादमाचं ऐकलं नाही, तो गाइडचं काय ऐकणार? दादाने एकदा माथ्याकडे पाहिलं, काठी उचलली आणि उतरायला लागला. मला रडूच आलं. त्याच्यासाठी आले होते मी, आणि त्यालाच काही वाटत नव्हतं!

महिन्याभराने, ऑपरेशननंतर, दादा माझ्याकडे राहायला होता. वॉकर धरून हॉलभर फेऱ्या आणि माझ्या चहाला नावं ठेवणं चालू होतं. तेवढ्यात मोबाइलवर गाइडने पाठवलेला फोटो आला. आमच्यानंतर तीन दिवसांनी दुसरी एक टोळी तोच उतार चढून माथ्यावर उभी होती, हात वर करून.

"बघ!" मी फोन त्याच्यासमोर नाचवला. "काही झालं नाही त्यांना! उगाच आलो परत. निदान वाद तरी घालायचास!"

दादाने फोटो डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितला. "मस्त दिसतंय गो वरून," म्हणाला. फोन माझ्या हातात दिला आणि वॉकर पुढे सरकवला.

"मी एकटा असतो तर गेलो असतो," तो म्हणाला. "तू होतीस ना मागं."