पेंटरचे उलटे बाण

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने म्हणे दुसरा घरोबा केला, आणि रोज सकाळी तो टेकडीवर तिलाच भेटायला जातो! ही बातमी गल्लीत दूधवाल्याच्याही आधी घरोघर पोचली. त्याच्या हातात झाकलेला डबा दिसला, तर लोकांनी त्यात दोघांचं जेवणसुद्धा भरून टाकलं. डब्यात निघाला पिवळा ऑइलपेंट. टेकडीवर भेटायला कोणी नव्हतंच.

मागच्या वर्षी त्याची बायको टेकडीवर एकटीच फिरायला गेली होती. उतरताना धुकं दाटलं, वाट चुकली आणि ती जुन्या खाणीत पडून दगावली. तेव्हापासून हा गडी वाटेवरच्या दगडादगडावर बाण काढत सुटला. पण सगळ्या बाणांची तोंडं खाली, शहराकडे! शिखराकडे निघालेली हौशी मंडळी वैतागली, टेकडीवरच्या उद्यानाच्या साहेबांकडे तक्रार गेली आणि बाण खरवडून काढायचं ठरलं.

धाकटी बहीण त्याची समजूत घालायला आली. त्याचा ब्रश पाठीमागे लपवत म्हणाली, "दादा, नुसती तोंडं फिरव बाणांची, म्हणजे राहतील तरी. जगाचे बाण वर जातात, तुझेच कसे रे उलटे? हसतात लोक."

त्याने तिच्या हातातून ब्रश काढून घेतला आणि तो रॉकेलच्या चिंधीने पुसत म्हणाला,

"हसू देत. वर जाताना शिखर दिसतं गं डोळ्यांसमोर. उतरताना घर दिसत नाही. तुझ्या वहिनीलाही नाही दिसलं."