संध्याकाळी भरलेलं परमिट

वडिलांनी छापलेली पत्रकं वाचत मी वाक्यं लिहायला शिकले. ते वीज कंपनीत लाइनमन आणि युनियनचे कार्यकर्ते. एका पत्रकावर ठळक अक्षरांत होतं: लेखी परमिटशिवाय खांबावर चढू नका. परमिट म्हणजे उपकेंद्रातल्या ऑपरेटरनं लाइन बंद करून दिलेला कागद. तो परत येईपर्यंत लाइन चालू करायची नाही.

आष्ट्याच्या शिवारात मात्र हे काम फोनवर चालायचं. ऊस वाळतोय म्हणून दहा जण डोक्यावर उभे. अशा वेळी कागद आणायला उपकेंद्रात जाणार कोण? वडील फोन करायचे, "बंद कर रं," आणि दिवसाची सगळी परमिटं संध्याकाळी एकदम वहीत भरायचे. मला हे माहीत होतं. मी कधी बोलले नाही.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका फोनवर त्यांनी हाताखालच्या कंत्राटी वायरमनला वर चढवलं. तेवढ्यात दुसऱ्या गावानं उपकेंद्रात तगादा लावला आणि ऑपरेटरनं लाइन चालू केली. वर वायरमनला शॉक बसला. सांगलीच्या दवाखान्यात त्याचा उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

त्या संध्याकाळीही वडिलांनी वही भरली. काम संपलं, कागद परत केला, असं लिहिलं. म्हणजे वहीप्रमाणे वायरमन त्यानंतर स्वतःच्या मर्जीनं चढला. दोष त्याचा.

घडलं ते सगळं लिहून मी चौकशीसाठी अर्ज तयार केला आणि त्याच्या घरी वाचून दाखवला.

"ताई, दादांचं नाव काढा," तो म्हणाला. माझ्या वडिलांना तो दादा म्हणायचा. "चार म्हैन्यात रिटायर व्हायचेत ते."

"आणि तुमचा हात?"

"त्यो काय तुमच्या कागदानं उगवतोय व्हय?" तो हसला.

त्याची बायको हसली नाही. "नाव ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "शर्टाची बटणं मी लावतीया. दादा न्हाई येत लावाय."

त्यानं खाली बघत डाव्या अंगठ्याचा ठसा दिला.

घरी येऊन अर्ज मी वडिलांपुढे ठेवला. साक्षीदाराची जागा मोकळी होती. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"पत्रक लय झ्याक झालंय," ते म्हणाले.

"खोटं काय आहे त्यात?"

त्यांनी पेन काढलं. फोनची वेळ मी दोन वाजून दहा मिनिटं लिहिली होती. ती खोडून त्यांनी वर दोन चाळीस लिहिलं, त्यांच्या त्या तिरप्या आकड्यांत.

"चुकीचं लिहू नये," म्हणाले.

"मग सही करा."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि परसात निघून गेले.

मी पुन्हा नवी प्रत काढली नाही. खाडाखोड तशीच ठेवून अर्ज दिला. चौकशीत त्यांना पहिला प्रश्न विचारला गेला, तो त्या तिरप्या आकड्यांबद्दल. ते खोटं बोलले नाहीत. त्यांना निलंबित केलं. वायरमनच्या भरपाईचा कागद अजून वरच्या ऑफिसात पडून आहे. माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. पण वडील आता माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत.