मामांनी मारलेली गाठ

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे — पण हा एक तीळ मी पंचवीस वर्षं भिजत ठेवलाय.

तेव्हा मी पस्तिशीची होते. लातूरच्या आमच्या गल्लीत माझ्याइतकी धीट बाई दुसरी नाही, असं एका बाईचं ठाम मत होतं. माझंच.

मामा, म्हणजे माझे सासरे, मुरुडची शेती दिराकडे सोपवून आमच्याकडे राहायला आले ते एक कुत्रं घेऊन. नाव सर्जा — बैलाचं! आणि काळीज उंदराचं. दुसरं कुत्रं दिसलं की थरथर कापायचा, रस्त्यातच बसायचा. मामांनी त्याला बैलासारखंच हाताळलं. नवा गोऱ्हा एसटीला बुजला, की ते त्याला रस्त्यापासून लांब उभा करायचे, पेंड चारायचे, रोज चार पावलं जवळ न्यायचे. इथे पेंडीऐवजी भाकरीचा तुकडा, एवढाच फरक. दोरी ढिली, आवाज हळू. मी खिडकीतून हसायची — म्हातारा कुत्र्याला शाळेत घालतोय! पण चार महिन्यांत सर्जा दालमिलच्या कुत्र्यांसमोरून शेपूट वर करून जायला लागला.

मग मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि सर्जाला फिरवायचं काम माझ्याकडे आलं. डोळ्यावर पट्टी, बसल्या जागेवरून मला बजावणं चालू — "सूनबाई, कुत्रं दिसलं की लांबच थांब. वढू नको. त्यो तुझ्याकडं बघंल, तू त्याच्याकडं बघ. बास."

बघ. एवढंच तर काम होतं ना?

गिरणीच्या वळणावर तीन कुत्री आली. सर्जा थांबला, शिकवल्यासारखा, आणि त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. आणि मी — आता काय सांगू? — हातातली भाकरी फेकली, ती नेमकी त्याच्याच पायाशी. दोरी सोडली आणि गिरणीत शिरून कुणाच्या तरी ज्वारीच्या पोत्यावर चढले. एक चप्पल बाहेरच. तिन्ही कुत्री भाकरीवर आणि त्याच्यावर तुटून पडली.

गिरणीवाला म्हणाला, "वहिनी, त्याला तरी आत घ्यायचं!"

सर्जाचा कान फाटला. नंतर तो नाल्याच्या पाइपात लपलेला सापडला.

पण सांगायचं ते हे नाही. भित्री होते — असते एखादी बाई भित्री. पुढचं सांगायचंय.

दोरी त्याच्या पट्ट्याला तशीच होती. मामांनी मारलेली गाठ जशीच्या तशी. म्हणजे दोरी कुणाच्या हातून सुटली, हे मामांना लगेच कळणार. मी रस्त्याच्या कडेला बसले आणि ती गाठ सोडायला लागले. सुटते कसली? जन्मभर बैल बांधलेला हात तो. नख तुटलं. शेवटी दातांनी सोडली. सर्जाला पट्ट्याला धरून घरी आणलं आणि म्हटलं, "मामा, गाठ सुटली."

मामा रागावले नाहीत. दोरीचं टोक बोटांनी चाचपत राहिले, बराच वेळ. मग म्हणाले, "हातात जोर न्हाई राहिला."

तेव्हा बोलता आलं असतं. दुसऱ्या दिवशीही आलं असतं. मी चहा ठेवला.

मामांनी सर्जाला पुन्हा फाटकाबाहेर नेलं नाही. त्यानंतर ते सात वर्षं जगले. धान्याच्या पोत्याचं तोंड बांधायचं असलं तरी मला हाक मारायचे — "सूनबाई, गाठ तू मार. माझ्या गाठीचा भरवसा न्हाई."

आणि मी मारून द्यायची.