बसत्या उंचीची खूण

बोटींच्या कारखान्यात त्यांना सगळे रेघोजी म्हणत. दुसऱ्यांच्या बोटींचे नकाशे काढण्यात त्यांची उभी हयात गेली. स्वतःची म्हणून त्यांनी एकच बोट काढली, तीन अंगांची. मधे मुख्य बोट, दोन्ही बाजूंना सडपातळ जोडहोड्या. त्या आत दुमडल्या की सगळा पसारा गाडीमागच्या ट्रेलरवर मावायचा. शर्यतीत ती वाऱ्यासारखी पळावी, आणि निवृत्तीनंतर नवराबायकोने तिच्यातच राहून किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडावं, असा बेत होता.

बायकोची अट एकच. "मला आत ताठ बसता आलं पाहिजे."

रेघोजींनी तिला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं, डोक्यावर पट्टी आडवी धरली.

"अंबाडा धरून की सोडून?"

"धरून. तो काय घरी ठेवून येऊ?"

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण झाली. केबिनचं छप्पर त्या खुणेवरून ठरलं.

मेहुण्याला शर्यतींचं वेड. बोट तोच पळवणार होता. येता-जाता नकाशावर ओणवा व्हायचा. "भावोजी, हे छप्पर आहे की बंगल्याचा मजला? सगळा वारा इथेच अडणार."

रेघोजींनी आधी हसण्यावारी नेलं. मग छप्पर बोटभर खाली आणलं. नंतर आणखी बोटभर. दर वेळी रेघ आधीपेक्षा देखणी दिसायची, तिथेच सगळं फसलं. बायकोला काही विचारलं नाही. सांगितलंही नाही.

बोट पहिल्याच शर्यतीत पहिली आली. धक्क्यावर मेहुण्याने त्यांना उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. त्या गडबडीत बायको केबिनमध्ये जाऊन बाकावर बसली. डोकं छताला टेकलं. मान वाकवून ती तशीच बसून राहिली.

"थोडं वाकलं की जमतं," रेघोजी दारातून म्हणाले.

"जन्मभर तेच केलं," ती म्हणाली. "इथे नव्हतं करायचं."

ती बाहेर आली, ती पुन्हा बोटीवर चढली नाही.

छप्पर उंच करता आलं असतं. "हा हंगाम संपू दे," असं रेघोजी म्हणत राहिले, आणि हंगामामागून हंगाम गेले. निवृत्ती आली आणि जुनी झाली. कपाटात कप साठले. ते पुसायचं काम बायकोचंच.

शेवटी मेहुण्याचा खांदा कामातून गेला आणि शर्यती थांबल्या. त्याच आठवड्यात रेघोजींनी करवत काढली, पट्टी घेतली आणि बायकोला पुन्हा चौकटीपाशी बसवलं. या वेळी चुकायचं नव्हतं.

पट्टी डोक्यावर टेकवली आणि त्यांचा हात थांबला. जुनी खूण बरीच वर राहिली होती. तिच्या पाठीला बाक आला होता. रोज समोर असूनही त्यांनी तो पाहिला नव्हता.

"किती भरलं?" तिने विचारलं.

त्यांनी पट्टी तिथेच धरून ठेवली. तिने मान वळवून पट्टी पाहिली, खूण पाहिली.

"छप्पर राहू द्या. मीच तुमच्या नकाशाबरहुकूम झाले."

"मग येशील?"

"मावते म्हणून?" ती म्हणाली, आणि उठून तिने स्टूल टेबलाखाली सरकवलं.