ठेवणीतली साडी

तहसील कचेरीत मुलीच्या दाखल्यासाठी रांगेत उभा होतो. माझ्यापुढं धुणीभांडी करणाऱ्या एक बाई होत्या. रेशनच्या धान्यासाठी त्यांना उत्पन्नाचा दाखला हवा होता. कागद सगळे होते. पण सरकारी कचेरीत जायचं म्हणून त्या ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या, घडीच्या रेषाही मोडल्या नव्हत्या.

कारकुनानं त्यांना खालीवर न्याहाळलं. "मावशी, या साडीत गरिबी कुठं दिसतेय?" अख्खी रांग हसली. मीही हसलो. आठवलं की स्वतःचीच शिसारी येते. भुकेल्या माणसाला आता कागद पुरत नाहीत, अंगावर चिंध्याही लागतात. आणि त्या पुरेशा आहेत का, हे पोटभर जेवलेल्यांनी ठरवायचं!

माझं काम दुपारपर्यंत रखडलं. बाई परत आल्या, खांद्यावर फाटलेल्या साडीत. काडीनं दात कोरत कारकुनानं अर्जावर शिक्का मारला.

जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. ओशाळून म्हणाल्या, "फाटकं मी घरात ठेवत नाही हो, लगेच शिवते. ही शेजारणीची मागून आणली."